मापावरची शीग

धान्य वजनानें न विकतां मापानें विकण्याची चाल आपल्याकडे होती, त्या काळीं बाजारांत दोन प्रकारचे वाणी आढळत. एकजण पायली काठोकाठ भरी, तिच्यावरून तळहात फिरवी, आणि "घ्या, माप पुरें झालें" असें म्हणून ती गिऱ्हाइकाच्या पिशवींत रिती करी. दुसरा काठाशीं थांबत नसे. शीग चढून दाणे बाजूंनीं ओघळूं लागेपर्यंत तो धान्य ओतीत राही. गिऱ्हाईक साहजिकच दुसऱ्याकडे वळे. परंतु घरांतील वृद्ध मंडळी पोरासोरांना बाजारांत धाडतांना बजावून सांगत कीं, शीग पाहून भुलूं नका, पायलीचा तळ पाहा. मापाच्या तळाशीं आंतून दुसरी फळी ठोकून तें उथळ करणारा वाणीहि बाजारांत असे, आणि शीग चढविण्यांत त्याचा हात सर्वांत सढळ असे.

ही जुनी गोष्ट आठवण्याचें कारण असें कीं, ठरल्याहून अधिक देणें, करारांत नसलेलें काम आपण होऊन करणें, या गुणाचा आज सर्व व्यवसायांत मोठा गौरव होत आहे. इंग्रजी बोलणाऱ्या मुलखांत त्याला 'एक मैल अधिक चालणें' असें म्हणतात, आणि हें अधिक चालणें ज्याच्या अंगीं नाहीं त्याला व्यवसायांत भवितव्य नाहीं, असा उपदेश नव्या उमेदवाराला पहिल्या दिवशींच ऐकावा लागतो. हा गुण आहे यांत शंका नाहीं. माझी शंका निराळी आहे. काम अधिक झालें एवढ्यानेंच तें चांगलें ठरतें काय? तें कोणासाठीं केलें, कोणाच्या पदरचें खर्चून केलें, आणि ज्याच्यावर त्याचा परिणाम व्हावयाचा त्याला तें उघड सांगतां येईल काय, हे प्रश्न न विचारतांच त्याला सद्गुणांच्या पंक्तीला बसवावें काय? या प्रश्नांची परीक्षा एखाद्या ठराविक व्यवसायांत केल्यावांचून ती पोकळ राहते. म्हणून घरांची विक्री हा एकच व्यवसाय, आणि तोहि मुख्यतः अमेरिकेंतील, मी येथें निवडतों.

अमेरिकेंत राहतें घर विकावयाचें झालें म्हणजे मालक प्रथम दलाल गांठतो, आणि पुष्कळदां दलाल आपल्याबरोबर आणखी एका व्यक्तीला घेऊन येतो. या व्यक्तीचें काम म्हणजे घर विक्रीसाठीं मांडून दाखविणें. नाटकाचा रंगमंच सजवितात तसें घर सजवावयाचें, म्हणून या कामाला 'होम स्टेजिंग' असें नांव पडलें. गेल्या शतकांत १९७० नंतरच्या दशकांत वॉशिंग्टन राज्यांत बार्ब श्वार्त्झ या बाईंनीं तें रूढ केलें, आणि आज तो एक स्वतंत्र धंदा झाला आहे. अडगळ काढावयाची, भडक भिंतींना फिका रंग द्यावयाचा, अवजड सामान हलवून त्या जागीं भाड्यानें आणलेलें बेताचें सामान ठेवावयाचें, दिवे वाढवावयाचे, पडदे बाजूला सारून ऊन आंत घ्यावयाचें, आणि राहणाऱ्या कुटुंबाचीं छायाचित्रें भिंतीवरून उतरवावयाचीं. हेतु असा कीं, पाहावयास येणाऱ्यानें दुसऱ्याचा संसार पाहूं नये; त्याला तेथें आपला संसार दिसावा. अमेरिकेंतील दलालांच्या राष्ट्रीय संघानें २०२३ सालीं केलेल्या पाहणींत, अशी मांडणी केल्यानें गिऱ्हाइकाला तें घर आपलें म्हणून डोळ्यांसमोर आणणें सोपें जातें, असें खरीददारांच्या बाजूनें काम करणाऱ्या दलालांपैकीं शेंकडा ८१ जणांनीं सांगितलें. हें दलालांचें मत आहे, मोजमाप नव्हे. पण धंदा कशावर चालतो हें त्यावरून कळतें.

दलाल आणि मांडणी करणारी यांची जोडी जमली म्हणजे दोघांचेंहि चालतें. तो तिला कामें मिळवून देतो. ती त्याचीं घरें लवकर खपतील अशीं करून देते. अशा जोडींत 'अधिक मैला'ला फार महत्त्व असतें. दलाल रविवारीं स्वतः येऊन अंगणांतील पाचोळा काढतो. ती आपल्या घरचा दिवा आणून कोपऱ्यांत ठेवते आणि त्याचें भाडें लावीत नाहीं. पुढच्या घराच्या वेळीं हा उपकार फिटतो, आणि त्या फेडींतून नवा उपकार निघतो. दोघांचा विश्वास वाढतो. असें वाढत जाणारें सख्य पाहून कोणालाहि संतोषच वाटेल.

आतां, घराला असें सजविणें हीच मुळीं लबाडी आहे, असें कोणी म्हणेल. मला तसें वाटत नाहीं. 'घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून' या म्हणींत आपल्या लोकांनीं घर आणि लग्न यांची सांगड घातली आहे, ती येथेंहि उपयोगीं पडते. मुलगी दाखविण्याच्या दिवशीं शेजारच्या घरून चार खुर्च्या येतात, जाजम येतें, कपाटाच्या तळाशीं असलेल्या कपबशा बाहेर निघतात. पाहावयास आलेल्या मंडळींना हें ठाऊक असतें. त्यांच्या घरीं मुलगी दाखवितांना त्यांनींहि हेंच केलेलें असतें. दोन्ही पक्ष जाणतात तो संकेत होतो, आणि संकेताला कोणी फसवणूक म्हणत नाहीं. उलट पाहुण्यासाठीं घर झाडून ठेवण्यांत त्याचा मान राखलेला असतो. परंतु त्याच दिवशीं मुलीच्या दुखण्याची गोष्ट दडविली, किंवा धाकटीला दाखवून थोरली दिली, तर तेथें संकेत संपतो. जाजम उसनें आहे हें कळल्यावर कोणाचें लग्न मोडत नाहीं. दडविलेलें दुखणें कळल्यावर आयुष्य मोडतें. सजविणें आणि दडविणें या दोहोंमधली रेषा इतकी साधी आहे. तरी ती ओलांडली जाते. आणि माझें म्हणणें असें कीं, पुष्कळदां ती दुष्टपणानें ओलांडली जात नाहीं, उत्साहानें ओलांडली जाते.

या उत्साहाचें अत्यंत जुनें उदाहरण रोमन पंडित सिसेरो यानें ख्रिस्तपूर्व ४४ सालीं लिहिलेल्या आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथांत नमूद केलें आहे. कॅनियस नांवाचा एक रोमन सरदार विश्रांतीसाठीं सिसिलींतील सिरॅक्यूज शहरीं गेला होता. मित्रांसह निवांत बसतां येईल अशी एखादी लहानशी बाग मिळाल्यास विकत घ्यावी, असें तो बोलून दाखवी. पिथियस नांवाच्या तेथील एका सराफाच्या कानावर हें गेलें. आपली बाग विकाऊ नाहीं, परंतु ती आपलीच समजून वापरावी, असें सांगून त्यानें कॅनियसला दुसऱ्या दिवशीं जेवावयास बोलाविलें. आणि मग कोळ्यांना जमवून, उद्यां माझ्या बागेसमोर येऊन मासे धरा, अशी विनंति केली. पाहुणा आला तों पंगतीचा थाट मोठा, समोर होड्यांची दाटी, आणि एकेक कोळी येऊन आपली मासळी पिथियसच्या पायाशीं ओतीत आहे. हें काय, असें कॅनियसनें विचारतां यजमान म्हणाला कीं, गांवची सारी मासळी येथेंच, पाणी भरण्याची जागा हीच, या लोकांचें माझ्या बागेवांचून चालतच नाहीं. कॅनियसला मोह आवरेना. त्यानें मागेल ती किंमत देऊन बाग सामानसुमानासकट घेतली. दुसऱ्या दिवशीं त्यानें आपले मित्र बोलाविले, तों समोर एकहि होडी नाहीं. आज कोळ्यांचा सण आहे काय, असें त्यानें शेजाऱ्याला विचारलें. शेजारी म्हणाला कीं, सण कसला? येथें कोणी कधीं मासे धरीतच नाहीं. म्हणून तर काल काय झालें याचें मलाच नवल वाटलें.

विक्रीसाठीं घर मांडून दाखविण्याची ही कथा दोन हजार वर्षांहून अधिक जुनी आहे. तींतील पिथियस लबाड होता हें उघड आहे. त्याच्याविषयीं विचार करण्यासारखें फारसें नाहीं. मला कोडें वाटतें तें कोळ्यांचें. त्यांना काय मजुरी मिळाली हें सिसेरो सांगत नाहीं. गांवांतल्या एका मातब्बर माणसानें शब्द टाकला, म्हणून ते नेहमींची जागा सोडून लांबवर होड्या वल्हवीत आले. आणि धरलेली मासळी त्याच्या पायाशीं ओतण्यापर्यंत त्यांनीं मजल मारली. एक मैल अधिक चालणें याहून निराळें तें काय? त्यांच्यांत एकहि माणूस खोटें बोलला नाहीं. प्रत्येकानें खरेच मासे आणले. प्रत्येकाचा भाग निर्दोष, आणि सर्वांचे मिळून झालेलें चित्र साफ खोटें! सिसेरोचा मित्र अक्विलियस यानें पुढें अशा कपटाविरुद्ध कायद्यांत दाद मागण्याची तरतूद केली, आणि कपटाची व्याख्या अशी केली कीं, भासवावयाचें एक आणि करावयाचें दुसरें तें कपट. ती तरतूद पिथियसला लागू होते. कोळ्यांपर्यंत ती पोंचत नाहीं. आणि प्रत्येक व्यवसायांत पिथियस थोडे असतात, कोळी पुष्कळ असतात.

कथेंतील शेजाऱ्याकडेहि लक्ष द्यावें. त्याला सर्व ठाऊक होतें, पण तो भेटला सौदा झाल्यानंतर. कौटिल्यानें 'अर्थशास्त्रां'त घरें व जमिनी यांच्या विक्रीची जी रीति घालून दिली आहे, तींत हा शेजारी आधीं उभा केला आहे. विकावयाच्या घराच्या दारांत चाळीस शेजारकुळांसमोर विक्रीची घोषणा व्हावी, सीमा आणि वर्णन जाणत्या माणसांदेखत सांगितलें जावें, आणि किंमत तीनदां पुकारावी, असा तो दंडक आहे. ज्याला घराचा तळ ठाऊक आहे त्याच्या कानांवर विकणाऱ्याचे शब्द पडावे, ही केवढी शहाणपणाची योजना! पुढच्या काळांत शेजाऱ्याची जागा कायद्यानें घेतली. आपल्याकडील १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याप्रमाणें, उलट करार नसेल तर, खरीददाराला साधारण काळजी घेऊनहि न दिसणारा जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, तो सांगणें विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. अमेरिकेंतील दलालांच्या संघानें १९१३ सालींच आपली नीतिसंहिता केली, आणि महत्त्वाची गोष्ट दडवूं नये असा नियम आजहि तींत आहे. घरखरेदीच्या कर्जव्यवहारांतील सेवांसाठीं एकानें दुसऱ्याकडे गिऱ्हाईक पाठविल्याबद्दल बक्षिसी घेण्यास तेथील १९७४ च्या कायद्यानें बंदी केली. ही सारी व्यवस्था मापाचा तळ शाबूत ठेवण्यासाठीं आहे. शिगेविषयीं कायदा बोलत नाहीं, आणि तें योग्यच आहे. अधिक देण्याची सक्ति झाली कीं तें अधिक राहत नाहीं.

मग शीग कोठून येते? हितसंबंधांतून येते, असें अर्थशास्त्रज्ञ म्हणतील, आणि त्यांच्यापाशीं पुरावा आहे. स्टीव्हन लेव्हिट व चॅड सिव्हरसन या दोघां विद्वानांनीं शिकागोच्या उपनगरांतील सुमारें एक लाख घरविक्रींचा अभ्यास २००८ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत दलालांनीं गिऱ्हाइकांचीं विकलेलीं घरें होतीं, तशीं स्वतःचीं विकलेलीं घरेंहि होतीं. तुलना करतां असें दिसलें कीं, दलाल स्वतःचें घर विकतो तेव्हां तें सुमारें साडेनऊ दिवस अधिक बाजारांत ठेवतो आणि सुमारें शेंकडा ३.७ अधिक किंमत पदरांत पाडून घेतो. कारण समजण्यास कठीण नाहीं. समजा, आणखी दहा दिवस थांबल्यानें एका घराला बारा हजार डॉलर जास्त येणार आहेत, आणि दलालाच्या हातीं शेवटीं शेंकडा दीड पडतो. मालकाला बारा हजारांचा लाभ, दलालाला एकशें ऐंशींचा. त्या दहा दिवसांतील फेऱ्या, दूरध्वनि, दाखविण्याचे रविवार, हें सर्व एकशें ऐंशींसाठीं कोण करणार? म्हणजे ज्या मैलाचा एवढा गाजावाजा, तो मैल स्वतःच्या घरासाठीं चालला जातो, आणि दुसऱ्याच्या घराच्या वेळीं पाय थोडा आधीं दुखूं लागतो. यांत ढोंग असेलच असें नाहीं. आपले पाय केव्हां दुखतात हें माणसाला स्वतःलाहि नीट कळत नाहीं.

जर्मन तत्त्वज्ञ कांट यानें १७८५ सालीं दुकानदाराचें एक उदाहरण घेतलें आहे. लहान मुलालाहि वाजवी भावानें माल देणारा दुकानदार प्रामाणिक वागतो खरा. परंतु लौकिक राहिला तर धंदा राहील, या हिशेबानें तो तसें वागत असेल, तर कांटच्या मतें त्याच्या वागणुकीला नैतिक मोल नाहीं. मला हा निर्णय जरा कठोर वाटतो. हिशेबानें सुरू झालेला चांगुलपणा संवयीनें मुरतो, आणि मुरल्यावर कित्येकदां हिशेब विसरतो. ज्या बाईनें पहिला दिवा दलालाची मर्जी राखण्यासाठीं आणला, तिला विसाव्या घरांत अंधारा कोपरा पाहवतच नाहीं म्हणून ती दिवा आणते. अशा मुरलेल्या कौशल्याला हलकें लेखूं नये. परंतु कांटच्या उदाहरणांतील मूल मात्र विसरतां कामा नये. ज्याला भाव ठाऊक नाहीं, आणि ज्याच्याकडून पुढें लाभहि नाहीं, त्याच्याशीं आपण कसे वागतों, येथेंच परीक्षा आहे. घराच्या सौद्यांत हें मूल म्हणजे खरीददार. दलाल पुढच्या घरासाठीं मालकाच्या ओळखीपाळखीवर अवलंबून, मांडणी करणारी दलालावर अवलंबून. सारे उपकार या तिघांत फिरतात. खरीददार एकदांच येतो, आणि पुष्कळदां आयुष्यभराची पुंजी घेऊन येतो.

'अधिक मैल' या शब्दाचें मूळ पाहिलें तर हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. तो शब्द बायबलमधील पर्वतावरील प्रवचनांतून आला आहे. रोमन अंमलाखालील मुलखांत शिपाई वाटेनें जाणाऱ्या कोणालाहि धरून आपलें ओझें वाहावयास लावूं शके. अशा सक्तीनें एक मैल चालावें लागलें, तर त्याच्याबरोबर दोन मैल जा, असा तो उपदेश आहे. पहिला मैल वेठीचा. दुसरा आपल्या खुषीचा. पण खरी मेख निराळीच आहे. हा दुसरा मैल मित्रासाठीं नाहीं, भागीदारासाठीं नाहीं, पुढें उपयोगीं पडणाऱ्यासाठीं तर नाहींच नाहीं. ज्याचा आपल्यावर कांहीं हक्क नाहीं, आणि ज्याच्याकडून परतफेडीची आशा नाहीं, त्याच्यासाठीं तो आहे. व्यवसायानें हा शब्द उचलतांना मैल घेतला आणि वाटसरू बदलला. भागीदारासाठीं केलेले श्रम वाईट नव्हेत. मात्र त्यांना दुसरा मैल म्हणूं नये. आणि दोघां भागीदारांतील ऊब जितकी वाढते, तितका बाहेरचा तिसरा माणूस थंडींत राहण्याचा संभव वाढतो, ही गोष्ट ज्यांनीं कुटुंबांत, जातींत, कचेरींत निष्ठा पाहिली आहे त्यांना नव्यानें सांगावयास नको.

माझे एक स्नेही न्यू जर्सींतील एडिसन गांवीं तीस वर्षें राहिले. मुलें दूर गेलीं, जिने चढवेनात, म्हणून त्यांनीं घर विकावयाचें ठरविलें. दलालाबरोबर मांडणी करणारी बाई आली. तिनें सर्व पाहून सांगितलें कीं, भिंतीवरील छायाचित्रें आणि स्वयंपाकघराच्या कोनाड्यांतील देवघर हलवावें लागेल. वहिनींना तें फार लागलें. छायाचित्रें त्यांनीं मुकाट्यानें उतरविलीं. देवघराला हात लावीनात. पुढच्या रविवारीं ती बाई एकटीच आली. कामाचा दिवस नव्हता, पैसे मिळावयाचे नव्हते. दाराशीं जोडे काढून ती आंत आली, आणि हे देव कोणत्या क्रमानें उचलावयाचे असतात तें मला सांगा, म्हणाली. वहिनी सांगत गेल्या. ती मऊ कापडांत एकेक मूर्ति गुंडाळून पेटींत ठेवीत गेली. तासाभरानें वहिनींनीं तिच्यासाठीं चहा टाकला.

दुसरी गोष्ट चार दिवसांनीं घडली. घराच्या तळघरांत कांहीं वर्षांपूर्वीं वादळांत पाणी शिरलें होतें, आणि एका कोपऱ्यांत भिंतीवर ओलीचा डाग राहिला होता. सामान मांडतांना दलाल सहज म्हणाला कीं, पुस्तकांचें उंच कपाट या कोपऱ्यांत शोभेल. बाई क्षणभर थांबली. मग म्हणाली, "नको, समोरच्या भिंतीशीं ठेवूं, तेथें उजेड चांगला आहे." आणि तिनें स्वतः कपाटाला खांदा लावला. दलाल कांहीं बोलला नाहीं. माझ्या स्नेह्यांनीं मला प्रांजळपणें सांगितलें कीं, दलालाची सूचना त्यांना स्वतःला तोंवर पटली होती. कपाट समोर गेलें, डाग उघडा राहिला, आणि मग पाणी शिरल्याची हकीकत त्यांनीं लेखी नमूद करून दिली. घर अपेक्षेहून कांहीसें कमी किंमतीला गेलें. त्या दलालानें त्या बाईला पुढें कामें दिलीं कीं नाहीं, हें त्यांना कळलें नाहीं. तिचीं बहुतेक कामें त्याच्याकडून येत, एवढें मात्र त्यांना ठाऊक होतें.

या दोन गोष्टी मी पुष्कळदां एकमेकींशेजारीं ठेवून पाहिल्या आहेत. दोन्ही करारांत नव्हत्या. पहिलीनें एका दुःखी बाईचें मन हलकें झालें, चहा झाला, ओळख झाली. दुसरीनें कोणाचेंच मन हलकें झालें नाहीं. दलाल नाराज, मालकाचें नुकसान, आणि ज्याचा लाभ झाला त्या खरीददाराला ती कधीं कळलीहि नाहीं. तिचे आभार मानणारा कोणी नव्हता. आणि तरी दोहोंपैकीं दुसरा मैल कोणता, असें मला विचाराल तर मी कपाटाकडे बोट दाखवीन. कधीं कधीं अधिक चालणें म्हणजे सोबत्यानें दाखविलेल्या वाटेनें न चालणें होय. भागीदारीचें खरें ओझें उचलावें लागतें तें अशाच वेळीं.

यावर दोन आक्षेप येतील. एक असा कीं, खरीददार कांहीं कांटचें मूल नव्हे. त्याच्यापाशीं स्वतःचा दलाल असतो, घर तपासणारा माणूस असतो, त्यानें आपलें आपण पाहावें. हा आक्षेप सिसेरोच्याहि वेळीं होता. घरांत साप निघतात, लांकूड किडलें आहे, हें केवळ मालकाला ठाऊक असतां त्यानें तें सांगावें काय, यावर दोन स्टोइक पंडितांचा वाद त्यानें दिला आहे. डायोजिनीसचें म्हणणें कीं, घेणाऱ्यावर कोणी सक्ति केली नाहीं. अँटिपेटरचें म्हणणें कीं, हें वाट चुकलेल्याला वाट न दाखविण्याहूनहि वाईट आहे, कारण येथें त्याला जाणूनबुजून चुकूं दिलें जातें. सिसेरोनें कौल अँटिपेटरकडे दिला. तपासनीस असणें हें खरीददाराच्या सावधपणाचें लक्षण झालें. तेवढ्यानें आपल्याला कपाट कोपऱ्यांत सारण्याची मुभा मिळत नाहीं. चोर येतील म्हणून शेजाऱ्यानें कुलूप लावलें, एवढ्यावरून तें उघडण्याचा आपला हक्क सिद्ध होत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. आरसा लावून खोली मोठी दाखविणें, लहान पलंग ठेवून जागा ऐसपैस भासविणें, हें सजविणें कीं दडविणें? येथें रेषा पुसट होते हें मला मान्य आहे. मुंबई-पुण्याकडील नव्या इमारतींत जो नमुन्याचा 'सॅम्पल फ्लॅट' दाखवितात, त्यांत असले प्रकार पाहावयास मिळतात. आणि नमुन्याच्या घरावर विसंबून नुकसान झालें तर भरपाईची तरतूद २०१६ च्या स्थावर मालमत्तेच्या कायद्यांत करावी लागली. अलीकडे तर रिकाम्या खोलीच्या छायाचित्रांत संगणकानें सामान घालतात. तें सांगितल्याशिवाय दाखवूं नये, असा कायदा कॅलिफोर्निया राज्यानें जानेवारी २०२६ पासून लागू केला आहे. या पुसट प्रदेशासाठीं मला एकच कसोटी सुचते. जें केलें तें खरीददाराला दारांतच सांगून टाकलें असतां त्याचा परिणाम टिकतो काय? "हा दिवा भाड्याचा आहे", असें सांगितल्यानें उजेड कमी होत नाहीं. "भिंतींना नुकताच रंग दिला आहे", असें सांगितल्यानें भिंत मळत नाहीं. "हा पलंग नेहमींच्याहून लहान आहे", असें सांगतांच खोली आक्रसूं लागते. आणि "या कपाटामागें ओल आहे", हें सांगितल्यावर कपाट तेथें ठेवण्याचें कारणच उरत नाहीं. सांगितल्यानें जें टिकतें तें सजविणें. सांगतांच जें कोसळतें तें दडविणें.

घर मांडणाऱ्यांचें काम मी हलकें मानीत नाहीं. तीस वर्षांचा संसार दोन आठवड्यांत आवरून, रडणाऱ्या माणसांच्या देखत, अनोळखी माणसाला तेथें आपलें भविष्य दिसेल असें करावयाचें, हें मोठें कौशल्याचें काम आहे. त्यांत मापाबाहेर देण्याला जागा पुष्कळ आहे, आणि तें देणारीं माणसेंहि आहेत. माझें म्हणणें इतकेंच कीं, शिगेची उंची पाहून त्या माणसांची पारख होणार नाहीं. कांहीं वाणी शीग चढवीत नसत. पण आपली पायली उलटी करून तळ दाखवीत, आणि मग भरीत. माझे स्नेही आतां मुलीच्या घरीं राहतात. तें देवघर तिच्या बैठकींत मांडलें आहे, आणि वहिनी सांगतात कीं, मूर्ति ज्या कापडांत गुंडाळून आल्या तें कापड त्यांनीं अजून टाकलेलें नाहीं.